बरे झालेले जनावर : गुरांच्या फुप्फुसदाहाचा इतिहास



इतिहासाच्या व्याख्यानाला येताना श्रोता राजे, लढाया आणि तहनामे यांची अपेक्षा धरून येतो. आज मी आपणांपुढे एका खोकल्याचा इतिहास ठेवणार आहे, आणि तो खोकलाही गाईबैलांचा आहे. विषय ऐकून कोणाला हसू आले असेल तर त्यात नवल नाही. परंतु या खोकल्याने दक्षिण आफ्रिकेतील एका स्वाभिमानी जमातीचे कंबरडे मोडले, अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारला शेतकऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकण्याचा अधिकार मिळवून दिला, आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशाला एका आयात केलेल्या गाईपायी शंभरावर वर्षे झुंजत ठेवले. म्हणून तासभर त्याच्याकडे लक्ष द्यावे, एवढीच विनंती.

आपल्याकडचा शेतकरी गुरांचे रोग नावानिशी ओळखतो. घटसर्प, फऱ्या, लाळ-खुरकूत, बुळकांड्या ही नावे कोणा पंडिताने कोशात बसून बनविलेली नाहीत. ती गोठ्यात जन्मली. त्यांपैकी बुळकांड्या २०११ साली सगळ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले आणि आता ते नाव तेवढे उरले आहे. ज्या रोगाबद्दल मी बोलणार आहे, त्याला असे घरगुती मराठी नाव असल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. शास्त्रीय भाषेत त्याला सांसर्गिक फुप्फुसदाह म्हणता येईल. डच शेतकरी त्याला सरळ 'फुप्फुसाचा आजार' या अर्थाचे नाव देत, आणि दक्षिण आफ्रिकेत तेच रूढ झाले.

रोगाचे स्वरूप असे. जनावराला ताप येतो, दूध आटते, रवंथ थांबतो. मग कोरडा, ठसकेदार खोकला सुरू होतो. पहाटे उठताना किंवा पाण्यावरून परतताना तो विशेष ऐकू येतो. पुढे पुढे जनावर मान लांब ताणून, पुढच्या पायांचे कोपर बाहेर फाकवून उभे राहते आणि श्वास सोडताना कण्हते. मेल्यावर छाती उघडली तर आत बादलीभर गवती रंगाचे पाणी निघते. फुप्फुस कापले की संगमरवरी फरशीसारखी नक्षी दिसते : लाल-करडे तुकडे आणि त्यांच्यामधून गेलेल्या पांढरट, जाड रेघा. ही नक्षी एकदा पाहिलेला माणूस ती विसरत नाही. रोग एका जनावराच्या श्वासातून शेजारच्या जनावराच्या श्वासात जातो. माणसाला तो होत नाही.

इतके वर्णन ऐकल्यावर कोणीही म्हणेल की असा रोग ओळखायला अवघड तो काय? येथेच खरी मेख आहे. बुळकांड्याची गोष्ट वेगळी होती. तो घरात शिरला की पंधरवड्यात निकाल लागे. जे जनावर वाचले ते जन्माचे सुटले आणि त्याच्यापासून दुसऱ्याला भयही उरत नसे. फुप्फुसदाहाची चाल अशी उघड नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत तीन-चार आठवडे जातात, कधी काही महिनेही जातात. बाजारातून आणलेली गाय दोन महिने धडधाकट दिसते, शेजाऱ्यांनी तिचे कौतुक करून झालेले असते, आणि मग एके दिवशी ती खोकू लागते. दोन महिन्यांपूर्वीचा तो सौदा आणि आजचा हा खोकला यांचा संबंध कोण जोडणार?

दुसरी गोष्ट याहूनही फसवी. काही जनावरे मरतात, कित्येकदा लागण झालेल्यांपैकी निम्मी मरतात. पण बाकीची सावरतात. खाऊ लागतात, अंगावर मांस धरतात, केस चमकू लागतात. मालक देवाचे आभार मानतो. परंतु अशा पुष्कळ जनावरांच्या छातीत फुप्फुसाचा एक मेलेला तुकडा जाड कवचात बंद होऊन राहिलेला असतो आणि त्यात रोगाचे बीज महिनोन् महिने जिवंत असते. हे बरे झालेले जनावर चांगल्या किमतीला विकले जाते, कारण ते रोगातून उठलेले आहे, त्याला आता काही होणार नाही, अशी सर्वांची खात्री असते. या रोगाचा इतिहास पाहू गेल्यास माणसाने वारंवार खोकणाऱ्या जनावराकडे पाहिले आणि न खोकणाऱ्याकडे दुर्लक्ष केले, असे दिसते.

युरोपात हा रोग जुना आहे. पशुवैद्यकाची पहिली शाळा लिऑन येथे काढणारा क्लोद बूर्जला याने १७६५ साली फ्रान्सच्या पूर्व भागात त्याचे वर्णन केले. १७७३ साली आल्ब्रेख्त फॉन हालर या स्विस पंडिताने त्यावर लिहिले आणि उपाय सांगितला तो थेट होता : रोगी जनावरे मारा, संपर्कातली वेगळी ठेवा. हालर हा कवी, वनस्पतिशास्त्रज्ञ आणि शरीरशास्त्रज्ञ होता. अशा माणसाने गोठ्यात लक्ष घालावे हे त्या शतकाचे भूषणच मानले पाहिजे. पण त्याचे ऐकले कोणी नाही. नेपोलियनच्या फौजांमागून रसदीचे कळप युरोपभर फिरले आणि त्यांच्याबरोबर हा रोगही फिरला. तो हॉलंडात पोचला, आणि हॉलंड म्हणजे त्या काळी दुभत्या गाईंची जगाची पेठ. येथून पुढची कथा म्हणजे डच गाय जहाजावर चढली आणि कोठे कोठे उतरली, याचीच कथा आहे.

१८४० च्या सुमारास रोग इंग्लंडात आला. लंडनसारख्या शहरात तेव्हा गवळ्यांचे गोठे भर वस्तीत असत. अंधाऱ्या जागेत गाई दाटीवाटीने बांधलेल्या, एकीच्या नाकासमोर दुसरीचे नाक. अशा ठिकाणी रोगाला आणखी काय हवे? त्यातच दारूच्या भट्ट्यांची भर पडली. धान्य आंबवून दारू काढल्यावर जो गरम चोथा उरतो तो गुरांना फुकटात जमा होई. म्हणून भट्टीला लागूनच शेकडो जनावरांचे गोठे उभे राहात. या रोगाच्या इतिहासात ब्रुकलिन, शिकागो, बेल्जममधले हासेल्ट, जेथे पाहावे तेथे दारूची भट्टी हजर आहे. दारूने माणसांची घरे बुडाली हे आपण नेहमी ऐकतो. तिच्या चोथ्याने गोठे बुडविले, ही बाजू मात्र कोणी सांगत नाही.

हासेल्टच्या अशाच एका भट्टीवाल्याचा मुलगा लुई विलेम्स हा डॉक्टर झाला. बापाचे गोठे रोगाने रिकामे होताना त्याने पाहिले होते. एकदा रोगातून उठलेल्या जनावराला तो पुन्हा होत नाही हेही त्याच्या ध्यानात आले होते. तेव्हा त्याने विचार केला की रोगी फुप्फुसातले पाणी घेऊन ते निरोगी जनावराच्या अंगात, पण फुप्फुसापासून शक्य तितके दूर, टोचले तर काय होईल? बैलाच्या अंगात फुप्फुसापासून सर्वांत दूरची जागा म्हणजे शेपटीचे टोक! विलेम्सने तेथे टोचणी केली आणि १८५२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शेपटी सुजे, कित्येकदा झडून पडे, काही जनावरे मरतही. पण बहुतेक वाचत आणि पुढे रोगाला दाद देत नसत. देवीच्या लशीनंतर अर्धशतकाने आणि पाश्चरच्या लशींच्या अगोदर पाव शतक हा प्रयोग झाला. रोगाचे बीज काय आहे हे विलेम्सला ठाऊक नव्हते, कोणालाच नव्हते. विद्वानांनी त्याची थट्टा केली, समित्या नेमल्या, आणि अखेर यात तथ्य आहे असे मान्य केले.

येथे एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गुराखी जमाती रोगाने मेलेल्या जनावराच्या फुप्फुसाचा तुकडा निरोगी जनावराच्या नाकाडावर कातडीखाली ठेवीत. कोणत्याही विद्यापीठाने त्यांना हे शिकविले नव्हते. त्या जागी सूज येई, हाड वाढे, आणि कधी ते शिंगासारखे वर येई. सेनेगलमधली अशी जनावरे पाहून एका फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १८८० साली तीन शिंगांच्या बैलाची एक नवी जात शास्त्रात दाखल केली! ते तिसरे शिंग म्हणजे टोचणीचा वण होता, हे मागाहून कळले.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. १८५३ साली हॉलंडहून आलेले काही वळू दक्षिण आफ्रिकेच्या मोसेल बे बंदरात उतरले. वसाहतीतली गुरे सुधारावीत, दूध वाढावे, हा आणणाऱ्याचा उद्देश. वळू प्रवासात आजारी दिसले नव्हते. पण त्यांच्याबरोबर फुप्फुसदाह उतरला. त्या देशात तेव्हा रेल्वे नव्हती. सगळी मालवाहतूक बैलगाड्यांची, एकेका गाडीला दहा-बारा, कधी सोळा बैल. रस्ते म्हणजे रोगाचे राजमार्गच झाले. वर्ष-दोन वर्षांत केप वसाहतीत लाखभर गुरे मेली आणि १८५५ मध्ये रोग पूर्वेकडे खोसा लोकांच्या मुलुखात शिरला.

खोसा म्हणजे गोधनावर जगणारे लोक. आपल्याकडे बैलपोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतो, गळ्यात माळ घालतो; त्यावरून या नात्याची थोडीशी कल्पना येईल, परंतु खोसांचे नाते याहूनही घट्ट. आंबवलेले दूध हे त्यांचे रोजचे अन्न. लग्नात मुलाकडून मुलीच्या घरी गुरे जात. त्या गुरांवाचून लग्न लग्न ठरत नसे. पितरांना बळी गुराचाच. पुरुषाची प्रतिष्ठा वाड्यातल्या गुरांवर आणि वाडा घराच्या मधोमध. अशा लोकांच्या गुरांना खोकला लागला. फाथो नावाच्या एका प्रमुखाकडची अडीच हजार गुरे जवळजवळ सगळी मेली. खोसांनी हातपाय गाळले नाहीत. त्यांनी कळप डोंगरात दूर नेले, वाटा अडविल्या, परकी गुरे येऊ दिली नाहीत. पण जी गुरे ते दूर नेत होते त्यांतच रोग होता, आणि ती तेव्हा खोकत नव्हती.

त्यांची परिस्थितीही ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजांशी त्यांचे आठवे युद्ध १८५३ मध्येच संपले होते, पराभवात. जमीन गेली होती. मधूनच बातमी आली की ज्या गव्हर्नर कॅथकार्टने त्यांना हरविले तो दूर कोठे रशियनांशी लढताना मारला गेला; ते रशियन म्हणजे आपलेच मेलेले पूर्वज असावेत, अशी कुजबूज सुरू झाली. एप्रिल १८५६ मध्ये नोंगकावुसे नावाची पंधरा-सोळा वर्षांची पोर नदीकाठी पाखरे राखायला गेली असता तिला दोन अनोळखी माणसे भेटली. त्यांनी निरोप दिला : पूर्वज पुन्हा उठणार आहेत, नवी निरोगी गुरे जमिनीतून येणार आहेत, मात्र आताची गुरे विटाळलेली आहेत, ती मारून टाका, धान्य फेकून द्या, पेरणी करू नका. तिचा चुलता म्हलाकाझा याने तो निरोप सर्वत्र पोचविला, आणि सर्वांत थोर राजा सारिली याने तो मानला.

पुढील दहा महिने खोसांनी आपल्या हाताने आपली गुरे मारली. घराघरांत दोन तट पडले. मानणाऱ्यांना 'मऊ' आणि न मानणाऱ्यांना 'कठीण' अशा अर्थाची नावे पडली. मऊ म्हणजे जो सर्वांसाठी वाकतो, कठीण म्हणजे जो स्वतःपुरते पाहतो. नव्या गुरांसाठी वाडे मोठे केले, नव्या धान्यासाठी पेवे साफ केली. १८ फेब्रुवारी १८५७ हा दिवस ठरला होता. लोक घरात बसून वाट पाहात राहिले. त्या दिवशी सूर्य नेहमीसारखा उगवला आणि नेहमीसारखा मावळला.

इतिहासकार पायर्स याच्या अंदाजाप्रमाणे सुमारे चार लाख गुरे मारली गेली आणि चाळीस हजार माणसे उपासमारीने मेली. इंग्रजांच्या ताब्यातील खोसा मुलुखाची लोकसंख्या एक लाख पाच हजारांवरून वर्षभरात सत्तावीस हजारांच्या खाली आली. उरलेल्यांना गव्हर्नर सर जॉर्ज ग्रे याने वसाहतीतल्या गोऱ्या शेतकऱ्यांकडे मजुरीला पाठविले आणि त्यांच्या रिकाम्या जमिनीवर युरोपीय वसाहतवाले आणून बसविले. युद्धात जे आठ वेळा पूर्णपणे साधले नव्हते ते उपासमारीने एका वर्षात साधले.

या प्रकरणाला 'राष्ट्रीय आत्महत्या' म्हणून मोकळे होण्याची चाल बरेच दिवस होती. अंधश्रद्धा म्हटले की विचार करण्याचे श्रम वाचतात. पण पायर्सने १९८९ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की ज्या भागात गुरे आधी फुप्फुसदाहाने मरत होती, त्या भागांतच या भविष्यवाणीला जोर चढला. मला स्वतःला त्यातला एक शब्द महत्त्वाचा वाटतो, आणि तो म्हणजे विटाळलेली गुरे. डोळ्यांना निरोगी दिसणारे जनावरही आतून विटाळलेले असू शकते. काही वेचून मारून भागत नाही, कळपच्या कळप गेला पाहिजे, तेव्हा कोठे निरोगी गुरे येतील. या विचारातून पूर्वज आणि चमत्कार वगळा. उरते ते हालरने १७७३ मध्ये जे सांगितले त्याच दिशेचे आणि त्याहून एक पाऊल पुढे गेलेले आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडने आणि अमेरिकेने कायदे करून तेच केले. फरक एवढाच, आणि तो आभाळाएवढा आहे, की ज्याची गाय मारायची त्याला दुसऱ्या दिवशी खायला कोण घालणार, याचे उत्तर खोसांना पूर्वजांनी दिले होते आणि अमेरिकन शेतकऱ्याला सरकारी तिजोरीने दिले.

अमेरिकेची हकीकत आता ऐका. १८४३ साली ब्रुकलिनच्या पीटर डन नावाच्या गवळ्याने बंदरावर आलेल्या एका जहाजाच्या कप्तानाकडून एक डच गाय विकत घेतली. जहाजावर प्रवाशांना ताजे दूध मिळावे म्हणून गाई ठेवीत. प्रवास संपला की त्या विकीत. त्या गाईपासून ब्रुकलिनच्या भट्ट्यांच्या गोठ्यांत रोग पसरला आणि तेथे त्याने चाळीसहून अधिक वर्षे ठाण दिले. १८५९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील विन्थ्रॉप चेनरी या हौशी गोपालकाने हॉलंडहून चार उत्तम गाई आणविल्या. त्यांतली तीन वासरे नॉर्थ ब्रुकफील्डच्या एका शेतकऱ्याला गेली आणि रोग गावोगाव झाला. मात्र त्या राज्याने चट्‌दिशी कायदा केला, संपर्कातली गुरे मालकांना भरपाई देऊन मारली आणि काही वर्षांत रोग मुळासकट काढला. इतर राज्ये बघत राहिली. न्यूयॉर्कने १८७९ मध्ये मोहीम काढली, भट्ट्यांच्या गोठ्यांत माणसे घुसविली, पण पुढे निधी आटला आणि मोहीम ढिली पडली. असला रोग अर्धा काढणे म्हणजे विहीर अर्धी खणणे; खर्च सगळा, पाणी नाही.

त्याच १८७९ साली इंग्लंडने हुकूम काढला की अमेरिकेहून येणारी गुरे बंदरातच मारली गेली पाहिजेत, आत नेता येणार नाहीत. हा घाव वर्मी बसला. अमेरिकन गोमांसाची सर्वांत मोठी पेठ इंग्लंड. मिसिसिपीपलीकडच्या ज्या गोपालकांनी जन्मात फुप्फुसदाह पाहिला नव्हता त्यांचेही दर कोसळले. अखेर २९ मे १८८४ रोजी काँग्रेसने पशुउद्योग खाते स्थापन केले आणि डॅनियल सामन या पशुवैद्याला त्याचा प्रमुख नेमले. साल्मोनेला या जंतूला पुढे ज्याचे नाव मिळाले तोच हा सामन. सरकारला एवढी शंका होती की या खात्यात वीसच माणसे ठेवता येतील असे कायद्यातच लिहिले! गोठा हा राज्याचा विषय की केंद्राचा, यावर वकिलांचे रण माजले. १८८६ मध्ये शिकागोच्या भट्टीच्या गोठ्यांत रोग सापडला तेव्हा मात्र सर्वांचे डोळे उघडले, कारण शिकागो म्हणजे साऱ्या देशाच्या गुरांचा चौक. मग खात्याला पैसा मिळाला, गुरे विकत घेऊन मारण्याचा अधिकार मिळाला.

सामनने काय केले? रोग असलेल्या जिल्ह्यांत प्रत्येक जनावराची नोंद केली, बिल्ला लावला, परवान्याशिवाय एका गोठ्यातून दुसऱ्यात नेण्यास बंदी केली. खाटिकखान्यात तपासनीस बसविले. कापलेल्या जनावराच्या फुप्फुसात ती संगमरवरी नक्षी किंवा तो कवचबंद तुकडा दिसला की बिल्ल्यावरून माग काढीत तो ज्या गोठ्यातून आला तेथे जायचे. मालक शपथेवर सांगे की माझ्याकडे खोकला नाही, आणि तो खोटे बोलत नसे. तरी त्याचा सगळा गोठा विकत घेऊन मारला जाई. मालकांचा संताप समजण्यासारखा आहे; धडधाकट गाय समोर पाडली जाताना पाहणे कोणालाही सोसत नाही. पण एकेक गाय मोजण्याऐवजी गोठा हा मोजण्याचा घटक धरला, हीच या कामाची किल्ली होती. सप्टेंबर १८९२ मध्ये अमेरिका या रोगातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. सुमारे पंधरा लाख डॉलर खर्च आला. इंग्लंडने १८९० साली कायदा करून हे काम स्थानिक मंडळांकडून काढून मध्यवर्ती खात्याकडे घेतले आणि १८९८ पर्यंत तेथूनही रोग गेला.

आणि रोगाचे बीज सापडले केव्हा? त्याच १८९८ साली! पॅरिसच्या पाश्चर संस्थेत नोकार, रू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोगी फुप्फुसातले पाणी एका पातळ पडद्याच्या पिशवीत भरून ती सशाच्या पोटात ठेवली आणि त्यातून एक अतिशय सूक्ष्म जंतू वाढविला. इतर जंतूंना असते तसे बाहेरचे कठीण वेष्टन याला नाही; म्हणून तो मऊ, आकार बदलणारा, बारीक गाळण्यांतूनही निसटणारा. मायकोप्लाझ्मा या कुळातला हा पहिला ओळखला गेलेला जीव. म्हणजे दोन बलाढ्य देशांनी शत्रूचे तोंड न पाहताच त्याला हाकलले होते. शास्त्र पुढे जाते आणि मग व्यवहार सुधारतो, असे आपण मुलांना शिकवितो. येथे क्रम अगदी उलटा आहे.

विलेम्सच्या टोचणीचे काय झाले? ती ऑस्ट्रेलियात फार चालली. १८५८ मध्ये मेलबर्नजवळच्या बोडल नावाच्या गोपालकाने इंग्लंडहून गुरे आणविली आणि रोग उतरला. शेजाऱ्यांनी वर्गणी काढून त्याचा कळप विकत घेतला आणि नष्ट केला. हे मोठेच शहाणपण होते, पण तोवर गाड्या ओढणाऱ्या बैलांना लागण होऊन गेली होती आणि बैल रस्त्याला लागले होते. उत्तरेकडील अफाट कुरणांत कळप शेकडो कोस हाकीत नेण्याची चाल. कुंपण नाही, मोजदाद नाही. तेथे सगळा गोठा मारायचा म्हणजे गोठा कोठून कोठवर धरायचा? म्हणून त्यांनी शेपट्या टोचल्या. मृत्यू कमी झाले, धंदा चालू राहिला, आणि रोगही चालू राहिला. टोचलेल्या कळपातही एखादे जनावर छातीत तुकडा घेऊन हिंडतच असे. ऑस्ट्रेलिया मुक्त झाला तो १९७३ साली. लस, कळपांच्या हालचालींवर निर्बंध, खाटिकखान्यातली तपासणी आणि रोगी कळपांची कत्तल, ही सगळी एकत्र आली तेव्हा. टोचणीला मी नावे ठेवीत नाही. आफ्रिकेत आजही लाखो जनावरे तिच्यावर जगतात. पण टोचणीने मालकाची गाय वाचते, देशाचा रोग जात नाही, हा भेद त्या लोकांना पुरते एक शतक मोजून कळला.

ऑस्ट्रेलियाच्या कॅम्बेल आणि टर्नर या शास्त्रज्ञांनी १९३० नंतरच्या दशकात रक्ताची एक परीक्षा सिद्ध केली. आता तरी लपलेले जनावर सापडेल असे वाटले. सापडले, पण सर्व नाही. नुकतीच लागण झालेल्या आणि फार जुन्या झालेल्या जनावरांचे रक्त पुष्कळदा काहीच बोलत नाही. म्हणून आजही पशुवैद्य एका जनावराच्या निर्दोष निकालावर विसंबत नाहीत. कळपातल्या एकाचे रक्त बोलले की सारा कळप दोषी धरतात. येथे एक प्रामाणिक कबुली दिली पाहिजे. कवचबंद तुकडा बाळगणाऱ्या जनावरापासून निरोगी जनावराला रोग लागतो, हे प्रयोगशाळेत दाखविणे अनेकांना जमलेले नाही. ज्यांनी कळपांमागे हिंडून आयुष्ये घालविली त्यांचा अनुभव एक सांगतो आणि प्रयोग तितकी साक्ष देत नाहीत. हा वाद मिटलेला नाही. दोष न दिसता रोग पसरविणाऱ्या जनावरांत मोठा वाटा बरे झालेल्यांचा की अजून आजारी न पडलेल्यांचा, एवढाच तो प्रश्न आहे. गोठ्याच्या मालकाला दोन्ही सारखेच.

दक्षिण आफ्रिकेतून रोग १९२४ पर्यंत गेला, शेजारच्या बोट्‌स्वानातून १९३९ मध्ये. आणि १९९५ साली तो सीमा ओलांडून बोट्‌स्वानाच्या वायव्येकडील न्गामिलँड जिल्ह्यात परत आला. सरकारने तारेची कुंपणे घातली. रोग कुंपणांपुढे गेला. त्या देशाचे गोमांस युरोपात विकले जाते, तो व्यापार हातचा जाण्याची वेळ आली. तेव्हा १९९६ मध्ये जिल्ह्यातली सगळी गुरे मारायचे ठरले. रोगी, संपर्कातली, निरोगी, सगळी. सुमारे तीन लाख वीस हजार. खोसांच्या चार लाखांशी हा आकडा ताडून पाहा. या वेळी भविष्यवाणी नव्हती. रक्ताची परीक्षा होती, नकाशे होते, भरपाईचे दर होते. १९९८ पर्यंत देश पुन्हा रोगमुक्त ठरला, व्यापार वाचला, कोणी उपाशी मेल्याचे ऐकिवात नाही. शास्त्राच्या आणि राज्यव्यवस्थेच्या दृष्टीने हा यशस्वी प्रयोग. परंतु नंतर ज्या संशोधकांनी त्या जिल्ह्यातली लहान मुले तपासली त्यांना भरपाई मिळूनही मुलांचे कुपोषण वाढल्याचे आढळले. पैसा एकदम हाती आला. दूध मात्र रोज सकाळी येत होते ते बंद झाले. हिशेबाच्या वहीत गाय ही एक रक्कम असते, घरात ती रोजचे भांडे असते. सामनच्या अमेरिकन शेतकऱ्याला दुसऱ्या दिवशी बाजारात दूध विकत मिळत होते, हे आपण मघाशी गृहीत धरले होते. न्गामिलँडच्या आईला ते तसे मिळत नव्हते.

आपल्या देशाचे काय, असा प्रश्न आपणांपैकी कोणाच्या तरी मनात आला असेल. गुरांच्या रोगांचे शास्त्रीय संशोधन या देशात सुरू झाले ते आपल्या पुण्यातच. १८८९ साली येथे सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा निघाली आणि काही वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली, कारण सांसर्गिक रोगांचे बीज भर वस्तीत ठेवणे धोक्याचे वाटले. फुप्फुसदाहाने हिंदुस्थानात घर केले ते मुख्यतः आसामात. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तो कित्येक दशके अधूनमधून डोके वर काढीत राहिला. शेवटचा उद्रेक १९९० सालचा. त्यानंतर कोणी खोकले नाही.

पण कोणी खोकत नाही याचा या रोगात काय अर्थ होतो, हे आपण तासभर पाहिले. म्हणून आसामच्या जुन्या जागांवर पशुवैद्य गोठे तपासत राहिले, गुरांचे रक्त घेत राहिले, खाटिकखान्यात फुप्फुसे चिरून त्यांत कवचबंद तुकडा आहे का ते पाहात राहिले. पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेने भारत या रोगातून मुक्त असल्याचे मान्य केले ते २००७ साली, शेवटची गाय आजारी पडल्यानंतर सतरा वर्षांनी.